तिसरा मजला, डावीकडचं दार

जानेवारीत बोलावणं आलं.
कुणाचा तरी गुडघा गेला, म्हणून.
माझी सगळी नोकरी अशीच:
दुसरीचा सांधा निखळावा
आणि माझं विमान सुटावं.
मर्सीन, तिथून ब्रातिस्लाव्हा, मग आठ महिने काहीच नाही,
मापुतोत काकांच्या दुकानात सिमेंटच्या गोण्या मोजत,
आणि आता पोलंड, गोझूव.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
माझं एकवीस किलो, त्यातले चार बुटांचे.

गावातल्या नदीचं नाव वार्ता.
तिच्याकडे बातमी नाही,
नुसता बर्फ, काठाला चिकटलेला, मळका.

मॅनेजर येझीनं किल्ली दिली, करार दिला.
दुखापत झाल्यास पगार थांबेल,
ही ओळ मी आता चार भाषांत पाठ म्हणते.

क्लबच्या खोलीत कुणी राहत नाही,
सगळ्या उतरतात.
कपाटात केसांचं तेल, तळाशी बोटभर.
तांदळाचं अर्धं पाकीट, कपड्यांच्या चिमट्यानं बंद.
आणि शॉवर तारेनं वर बांधलेला, पार छताजवळ.
परदेशात पहिल्यांदाच मी न वाकता डोकं धुतलं.

फ्रिजवर, पिझ्झावाल्याच्या चुंबकाखाली, चिठ्ठी.
माझ्या भाषेत. पोर्तुगीजमध्ये.

*बॉयलरला दोनदा थोपट, मग ऐकतो.*
*बेकरीतली बाई रागीट दिसते. नाहीये.*
*दहा तारखेला पगार आला नाही तर अकराला ऑफिसात जा,*
*आणि उभी राहू नकोस, बस.*
*उभ्या बाईला ते घाबरतात,*
*बसलेलीला कॉफी देतात*
*आणि कॉफी संपेपर्यंत लाजतात.*
*फेब्रुवारीत रडू येईल. ते हवेचं असतं.*

खाली नाव नाही. आकडा. अकरा.

माझं बोट आपोआप डाव्या भुवईवर गेलं.
बामाको, सेमीफायनल, तिसरं क्वार्टर.
अंगोलाची अकरा नंबर, इर्मेलिंदा कापितांगो.
रिबाउंडला दोघी वर गेलो,
खाली आलं तिचं कोपर, माझं रक्त.
सहा टाके. रेफरीनं शिट्टीसुद्धा वाजवली नाही.
चार वर्षं मी तिला शिव्या देऊन झोपत आले,
तिला शब्द न् शब्द कळेल अशा भाषेत.

म्हणजे गुडघा तिचा.

इथे ही भाषा वाचणार कोण होतं?
येझी नाही. बेकरीवाली नाही.
की स्ट्रेचरवर पडल्या पडल्या तिला ठाऊक होतं
एजंटच्या यादीत तिच्या खाली कुणाचं नाव आहे?
मला बरं वाटायला हवं होतं.
मी बॉयलरला दोनदा थोपटलं.
ऐकलं त्यानं.

फेब्रुवारीत लुब्लिनहून परतताना,
बावीस गुणांनी हरून,
बसच्या काचेला कपाळ लावलं आणि ते आलंच.
हवा, मी शेजारच्या पोरीला म्हटलं.
अकरा मार्चला ऑफिसात जाऊन बसले.
कॉफी पातळ होती. मी ती तासभर पुरवली.
पैसे तेराला जमा झाले.

त्या रात्री एजंटकडून नंबर मागून घेतला.
लिहिलं: गुडघा कसा आहे?
तीन आठवडे काही नाही.
मग लुआंडाहून दोनच शब्द:
आणि भुवई?

मी फोन पालथा ठेवला.
भात टाकला. तिचेच तांदूळ.

मे महिन्यात बॅग भरताना नवं पाकीट आणलं,
अर्धं खाल्लं, चिमटा लावला.
चिठ्ठी तशीच राहू दिली.
खाली माझं काही लिहायला पेन उघडलं
आणि अडले. पुढची कुठली असेल?
सर्बियाची? मालीची? ओहायोची?
तिला ही अक्षरं म्हणजे भिंतीवरच्या मुंग्या.

शेवटी एक चौकोन काढला, त्याला नळी काढली.
हे बॉयलर.
शेजारी हात.
हाताजवळ दोन छोट्या रेघा.

हात मला नीट जमला नाही.
बोटं सहा झाली.